आरोग्य सेतू ठेवा, पण अंगात कणकण आली की रिपोर्टची वाट बघत बसू नका

मे २०२१ चालू आहे, कोरोनाची दुसरी लाट जोरात आहे (खालचे नियम, नंबर आणि अ‍ॅपची माहिती त्याच वेळची आहे) आणि सोसायटीतून, नातेवाइकांकडून सारखे फोन येतायत, कुणाचं आरोग्य सेतू अ‍ॅप धोक्याचा ऑरेंज रंग दाखवतंय, कुणाचा घसा दुखतोय पण टेस्टची अपॉइंटमेंट परवाची आहे, कुणाचे बाबा पॉझिटिव्ह आलेत आणि घरात संडास एकच. प्रत्येकाला तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, ज्याला उपयोग होईल त्याने पुढे पाठवा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. वेगळं व्हायचं ते शंका आली तेव्हापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच आपल्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते, त्यानंतर घसा खवखवतोय तर एसीमुळे असेल म्हणून एक दिवस जातो, मग टेस्ट, आणि सध्या लॅबवर इतका ताण आहे की रिपोर्टला अजून दोन-तीन दिवस. या सगळ्या वेळात माणूस घरात सगळ्यांबरोबर जेवत असतो, आईच्या शेजारी बसून टीव्ही बघत असतो. या लाटेत घरंच्या घरं एकदम पॉझिटिव्ह येतायत त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तीन दिवस एका खोलीत बसून आराम झाला, नुकसान काहीच नाही.

आता अ‍ॅपचं बघू.

आरोग्य सेतू हे कोरोनाच्या संपर्काचा इशारा देणारं सरकारी अ‍ॅप २ एप्रिल २०२० ला आलं, एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्याच संगणक संस्थेने बनवलंय. गेल्या वर्षी सगळ्यांनी टाकलं, मग हळूहळू काढून टाकलं, आणि आता १८ च्या वरच्यांची लसीची नोंदणी सुरू झाल्यावर स्लॉट बघायला परत टाकलंय. पण बऱ्याच जणांचं ब्लूटूथ बंदच असतं, म्हणजे अ‍ॅप फोनमध्ये नुसतं पडून आहे. ते काम कसं करतं ते थोडक्यात सांगते : तुमचा फोन आणि शेजारच्या माणसाचा फोन, दोन्हीत अ‍ॅप चालू आणि ब्लूटूथ चालू असेल तर दोघं एकमेकांची नोंद करून ठेवतात, कोण किती वेळ जवळ होतं याची. पुढे त्यातला एक पॉझिटिव्ह निघाला की दुसऱ्याला इशारा जातो. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं आहे ते, कोण आलं कोण गेलं ते लिहून ठेवेल, पण कुणाला अडवणार नाही.

टाकताना प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा एसेमेसमध्ये आलेल्या लिंकवरून कधीच नाही, लसीच्या नावाखाली फसव्या लिंक खूप फिरतायत. भाषा विचारेल तिथे मराठी निवडता येते, आई-बाबांच्या फोनवर मराठीच ठेवा म्हणजे प्रश्न नीट वाचून उत्तरं देतील. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग नाव, वय, कामधंदा वगैरे विचारतं. ब्लूटूथ आणि लोकेशनची परवानगी मागेल ती द्यावी लागते, लोकेशन 'नेहमी' वर ठेवा. आणि अँड्रॉइड फोनमध्ये एक गोष्ट जवळपास कुणीच करत नाही, बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी अ‍ॅप्स आपोआप बंद करतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन आरोग्य सेतूसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, आणि ज्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट असतं तिथे ते चालू करा. नाहीतर तुम्हाला वाटतं अ‍ॅप चालू आहे आणि ते दुपारपासून झोपलेलं असतं.

साधा फोन असेल, आजी-आजोबांकडे असतो तसा, तर १९२१ ला मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन येतो आणि तेच प्रश्न आवाजात विचारतात.

सेल्फ असेसमेंट खरं खरं भरा. खोकला, ताप, श्वासाला त्रास, वास किंवा चव गेली का, मग डायबेटिस, बीपी, हृदयाचा, फुप्फुसाचा आजार आहे का, परदेशातून आलात का, पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात होतात का. ऑफिसात किंवा मॉलच्या गेटवर हिरवं दाखवायचं म्हणून लोक 'यापैकी काही नाही' दाबून मोकळे होतात. हिरवा रंग तुम्ही दिलेल्या उत्तरांवर आणि ब्लूटूथच्या नोंदींवर येतो, तो काही टेस्टचा रिपोर्ट नाही. त्यामुळे समोरच्याचं हिरवं बघून मास्क खाली करू नका, आणि स्वतःचं हिरवं बघून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका.

पिवळं, ऑरेंज दिसलं तर घाबरायचं नाही पण आधी आठवायचं. ब्लूटूथ भिंतीच्या पलीकडेही पोचतं, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमधला पेशंट, ज्याचं तोंडही तुम्ही बघितलं नाही, त्याच्यामुळेही इशारा येऊ शकतो. उलट बाजूही आहे, फोन चार्जिंगला लावून खाली पार्किंगमध्ये अर्धा तास गप्पा मारल्या तर त्याची नोंद कुठेच नसते. त्यामुळे अ‍ॅप काय म्हणतंय आणि आपल्याला काय आठवतंय हे दोन्ही जुळवून बघा, आणि संशय राहिलाच तर जास्त काळजीची बाजू धरा.

लाल कसं होतं हे नीट समजून घ्या, कारण इथे मोठा घोळ होतो. टेस्ट करताना लॅबला जो मोबाइल नंबर देता तो आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) जातो आणि त्यावरूनच अ‍ॅपमध्ये माणूस पॉझिटिव्ह दिसतो. आपल्याकडे काय होतं, घरातल्या चौघांचा स्वॅब देताना मुलगा सगळ्यांना स्वतःचाच नंबर लावतो, रिपोर्ट एकाच फोनवर येऊ दे म्हणून. मग आई पॉझिटिव्ह आली तर मुलाचं अ‍ॅप लाल होऊ शकतं, आणि आईबरोबर ज्या बसल्या होत्या त्या काकूंना कसलाच इशारा जात नाही. ज्याचा स्वॅब त्याचाच नंबर, आणि ज्या नंबरवर अ‍ॅप आहे तोच नंबर. आयसोलेशनमध्ये असताना तुमचा फोन मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी बाहेर देऊ नका, एकतर तो फोन निर्जंतुक करत बसावा लागतो आणि दुसरं म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या नोंदी तुमच्या नावावर पडतात.

प्रायव्हसीचं बरेच जण विचारतात आणि ते विचारणं रास्तच आहे. गेल्या वर्षी केंद्र सरकारच्या १ मे च्या आदेशात सगळ्या नोकरदारांना अ‍ॅप सक्तीचं केलं होतं तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी त्या सक्तीला कायद्याचा आधार नाही असं उघडपणे म्हटलं होतं, नंतर १७ मे च्या आदेशात भाषा बरीच सौम्य झाली. ११ मे २०२० ला डेटाबद्दलचे नियम काढले, त्यात साधारणपणे १८० दिवसांच्या वर डेटा ठेवायचा नाही असं आहे, आणि २६ मे ला अँड्रॉइडचा कोड सगळ्यांना बघायला खुला केला. अकाउंट डिलीट करायची सोयही नंतर आली, सेटिंगमध्ये आहे. माझं मत, साथ जोरात आहे तोवर ठेवा, ओसरली की अकाउंट डिलीट करून मगच अ‍ॅप काढा, नुसतं अनइन्स्टॉल करू नका. ज्याला ठेवायचं नाही त्याच्याशी भांडू नका, फक्त पुढचं जे सांगतेय ते त्यालाही करावंच लागेल.

अ‍ॅप जिथे कमी पडतं तिथे फोन उचलायचा

तुमच्याबरोबर असलेल्या सगळ्यांकडे अ‍ॅप नसतं. कामाच्या मावशींकडे नसतं, दूधवाल्याकडे नसतं, आजीकडे नसतं. त्यामुळे खरं काम तुम्हालाच करायचंय. कागद घ्या आणि लक्षणं सुरू झाली त्याच्या दोन दिवस आधीपासून कोण कोण भेटलं ते लिहा. समजा ताप ३ मे ला आला, तर १ मे पासूनची यादी. १ मे शनिवार होता, निर्बंधांमुळे दुकानं उघडी असतात त्या सकाळी ७ ते ११ मध्ये किराणा आणायला गेलात का, तिथे रांगेत कोण होतं, संध्याकाळी कुणी घरी आलं का, असं तासातासाने आठवलं की आठवतं. फोनमधले फोटो आणि गुगल पेचे व्यवहार बघा, त्यातून विसरलेली माणसं बरोबर सापडतात. जवळून, मास्कशिवाय, पंधरा मिनिटांच्या वर, किंवा बंद गाडीत, बंद खोलीत, एकत्र जेवताना जे होते त्यांना आधी फोन करा.

मेसेज काय करायचा हेच लोकांना सुचत नाही, संकोच वाटतो, म्हणून हा घ्या : "नमस्कार, मला कालपासून ताप आहे, उद्या आरटीपीसीआर करतोय. रविवारी आपण भेटलो होतो म्हणून आधीच कळवतोय. रिपोर्ट आला की लगेच सांगतो, तोवर घरातल्या मोठ्यांपासून जरा लांब राहा." एवढंच. माफी मागायची गरज नाही, कुणामुळे झालं ते शोधायची तर अजिबातच नाही. आणि ज्याला असा मेसेज येईल त्याने कृपा करून "अरे बापरे, मग आला कशाला होतास" असं लिहू नये. असं एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी सांगणारच नाही, आणि मग नुकसान सगळ्यांचंच. कामाच्या मावशींना सुट्टी द्या आणि पगार पूर्ण द्या, हे मी हात जोडून सांगतेय, पगार कापला जाणार असेल तर त्याही त्यांचं दुखणं लपवतील, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग काय असतो.

तुम्ही संपर्कात आलेले असाल तर शेवटच्या भेटीपासून १४ दिवस क्वारंटाइन, आणि लक्षणं नसतील तर टेस्ट पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये. भेटल्याच्या दुसऱ्याच दिवशी धावत जाऊन टेस्ट करणारे खूप आहेत, निगेटिव्ह येते आणि मग खुशाल फिरतात. लक्षणं असतील तर मात्र थांबू नका, लगेच करा, आणि अँटिजेन (झटपट होणारी टेस्ट) निगेटिव्ह आली तरी आरटीपीसीआर (लॅबमधली जास्त खात्रीची टेस्ट) करा.

आता खोली

होम आयसोलेशन कुणालाही चालतं असं नाही. डॉक्टरांनी सौम्य आहे किंवा लक्षणंच नाहीत असं म्हटलं पाहिजे, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या वर पाहिजे, आणि बघायला चोवीस तास कुणीतरी पाहिजे. साठीच्या वरचे, डायबेटिस, बीपी, किडनीवाले यांना डॉक्टरांनी नीट तपासल्यावरच. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल, अवयव बदललेला असेल, एचआयव्ही असेल तर घरी नकोच. आणि वन आरकेत, चाळीतल्या खोलीत पाच माणसं असतील तर आयसोलेशन होत नाही हो, कितीही पडदे लावा. कोविड केअर सेंटरला जा. त्यात कसलाही कमीपणा नाही, घरातल्या चार जणांना वाचवलं म्हणायचं.

खोली वेगळी, खिडकी उघडी. एसी नको, पंखा चालेल. संडास-बाथरूम वेगळं असेल तर उत्तम, एकच असेल तर पेशंटने सगळ्यात शेवटी आंघोळ करायची, जाताना मास्क लावून जायचं, बाहेर आल्यावर नळ, कडी, फ्लशचं बटण, बादलीची कडी हे १ टक्का हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या पाण्याने) पुसायचं, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून मगच पुढचा माणूस. टूथपेस्ट, साबण, टॉवेल खोलीतच.

ताटाचं असं करा : दाराबाहेर एक स्टूल ठेवा. बाहेरच्याने मास्क लावून ताट स्टुलावर ठेवायचं, दार वाजवायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. तो गेल्यावर आतल्याने मास्क लावून दार उघडायचं, ताट आत घ्यायचं, दार लावायचं. दोघं एकाच वेळी दारात नकोत. आई असेल तर ती हमखास दारात थांबून "पोळी अजून एक देऊ का" विचारते, तिला सांगा फोनवर विचार, पोळ्या आधीच एक जास्त ठेव. भांडी पेशंटने जमत असेल तर आतच घासावीत, नाहीतर बाहेरच्याने हातमोजे घालून साबणाने, गरम पाण्याने. खोलीत जायचंच असेल तर दोघांनाही मास्क, जाणाऱ्याला एन९५. पेशंटने तीन पदरी मास्क आठ तासांनी बदलायचा, ओला झाला तर आधी. टाकायचा मास्क हायपोक्लोराइटमध्ये बुडवून, कापून, कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मग कचऱ्यात, कारण तो पुढे कुणीतरी हाताने उचलणार आहे.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं यंत्र, हे या सगळ्यातलं खरं शस्त्र आहे आणि लोक ते घाईत वापरतात. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, हात छातीशी ठेवा, बोट घातल्यावर आकडा नाचतो तो स्थिर होऊ द्या आणि मग लिहा. लगेच आलेला ८९ बघून रात्री दोनला सगळ्या घराला उठवू नका, दुसऱ्या बोटावर बघा, शेजाऱ्याच्या मीटरवर बघा. पण परत परत कमीच येत असेल तर मीटर खराब असेल म्हणून सोडूनही देऊ नका. मोबाइलवर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारी अ‍ॅप्स येतात त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. वहीत वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी असे चार रकाने करा, चार-सहा तासांनी भरा आणि संध्याकाळी फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

सहा मिनिटं चालायची टेस्ट आपल्या राज्याच्या आरोग्य विभागानेही सांगितलीय. बसून आकडा बघायचा, मग खोलीतच सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं, जिना नाही, मग परत बघायचा. ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्तने पडला तर लगेच डॉक्टर. साठीच्या वरच्यांनी तीनच मिनिटं, दमा असेल किंवा आधीच धाप लागत असेल त्यांनी करूच नये. आकडा ९४ च्या खाली आला तर बेड शोधेपर्यंत पालथं झोपवा, एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली, जेवल्यावर तासभर नाही आणि गरोदर बाईला नाही. पण हे बेड मिळेपर्यंत करायचं, बेडच्या ऐवजी नाही.

श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणं किंवा जड वाटणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, उठवूनही नीट न उठणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. १०८ अँब्युलन्स, १०४ आरोग्याची हेल्पलाइन, मुंबईत १९१६ वरून तुमच्या वॉर्डच्या वॉर रूमला (महापालिकेच्या कोविड नियंत्रण कक्षाला) जोडून देतात आणि बेड तिथूनच मिळतो. हे नंबर आत्ताच कागदावर लिहून फ्रिजवर लावा, जवळच्या दोन हॉस्पिटलचे आणि गाडी असलेल्या एका शेजाऱ्याचा नंबरही.

औषधं फक्त स्वतःच्या डॉक्टरांनी दिलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर जी प्रिस्क्रिप्शन फिरतायत त्यात स्टेरॉइड असतं, आणि ते पहिल्याच दिवशी मनाने घेतलं तर आजार वाढू शकतो, साखर वाढते, आणि आता म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) केसेस दिसायला लागल्यात त्यात साखर वाढलेले आणि स्टेरॉइड घेतलेले लोक जास्त आहेत. सीटी स्कॅनही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. वाफ दिवसातून दोनदा पुरे, उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांच्या आसपास ठेवू नका.

दिवस कसे मोजायचे

रिपोर्टच्या तारखेपासून नाही, लक्षणं सुरू झाली त्या तारखेपासून. ३ मे ला ताप, ५ ला स्वॅब, ७ ला रिपोर्ट, तर मोजणी ३ पासून, आणि १० दिवस पूर्ण होतात १३ ला. शेवटचे तीन दिवस औषधाशिवाय ताप नको. ताप १२ पर्यंत येत राहिला तर १३ ला बाहेर यायचं नाही, १५ पर्यंत थांबा. लक्षणंच नसतील तर स्वॅब दिलेल्या दिवसापासून मोजा. त्यानंतर परत टेस्ट करायची गरज नाही, सरकारी नियमातच तसं आहे. सोसायटीच्या कमिटीने निगेटिव्ह रिपोर्ट मागितला तर तो नियम दाखवा, आणि कमिटीवाल्यांनो, तुम्हीही मागू नका, त्या एका टेस्टमुळे दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट लांबतो. गेल्या वर्षीच्या नियमात पुढचे ७ दिवस घरातच राहून तब्येतीवर लक्ष ठेवा असं होतं, जमत असेल तर मी अजूनही तेच सांगेन, कारण काहींचं दुसऱ्या आठवड्यात बिघडतं. त्या आठवड्यात ऑक्सिमीटर परत करू नका, वही चालू ठेवा.

घरातल्या बाकीच्यांचे १४ दिवस पेशंटशी शेवटचा जवळून संबंध आला त्या दिवसापासून. मध्येच कुणी खोलीत जाऊन मास्कशिवाय शेजारी बसलं तर त्याची मोजणी परत पहिल्यापासून, म्हणून स्टुलाचा नियम दहाही दिवस पाळा, पाचव्या दिवशी पेशंट बरा दिसायला लागतो आणि तिथेच सगळे ढिले पडतात.

बाहेर यायच्या दिवशी चादरी, टॉवेल गरम पाण्यात, खोली पुसून खिडक्या दिवसभर उघड्या. वॉचमनला आणि ज्यांना आधी मेसेज केला होता त्या सगळ्यांना मोजणी संपल्याचं कळवा, म्हणजे दूध, पेपर, कचरा सुरू होईल. ऑक्सिमीटर सोसायटीचा असेल तर तुमचा तो जादा आठवडा संपल्यावर सॅनिटायझरने पुसून, नव्या सेलसकट पुढच्या घराला द्या.